खालचं टोक, वरचं टोक

२ सप्टेंबर

प्रिय टिंबू,

आठवते का तुला बोर्डिंगमधली कपड्यांची खोली? शनिवारी दुपारी सगळ्या मुली बागेत आणि आपण दोघी मावसबहिणी तिथे, कारण कपड्यांच्या सिस्टरना आपल्या घड्या आवडायच्या. चादरीच्या एका टोकाला तू, दुसऱ्या टोकाला मी. ताणायचं, झटकायचं, आणि मग एकमेकींकडे चालत यायचं. तू एवढीशी, हात वर केलेस तरी तुझ्या बाजूची चादर जमिनीला लागायची. म्हणून तर मुलींनी तुला टिंबू केलं आणि मावशीनं ठेवलेलं नाव फक्त हजेरीपटावर उरलं. खिडकीतून ऊन यायचं, कापडातला साबणाचा वास नाकात जायचा, आणि आपण काय बोलायचो ते एक अक्षर आठवत नाही. बोलत होतो एवढंच आठवतं.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरची बारीक अक्षरं मला सोसत नाहीत. त्या निमित्तानं आपली पत्रं पुन्हा सुरू झाली, हे मला फार बरं वाटतं.

तू विचारलंस, "ताई, जन्मभर त्या कॉम्प्युटरवर तू नक्की काय केलंस?" निवृत्त झाल्यावर कुणीतरी विचारलं बाई! आणि तेही तुझ्या नणंदेच्या मुलामुळे. तो तुमच्या धरणाच्या नियंत्रण कक्षात बसतो आणि त्याच्या पडद्यामागे माझे हिशेब आहेत, हे मलाही तुझ्याच पत्रातून कळलं.

तर ऐक. साधा कॉम्प्युटर म्हणतो, पाणी बारा मीटरवर आहे. मी म्हणते, तुला काय ठाऊक? मोजणारं यंत्र थोडं चुकतं, ऊन लागलं तर आणखी चुकतं. म्हणून माझ्या हिशेबात एकच एक आकडा कधी नसतो. चादरीसारखी दोन टोकं असतात. पाणी साडेअकराच्या खाली नाही, साडेबाराच्या वर नाही. खरं उत्तर मध्ये कुठेतरी आहे. ती दोन टोकं धरूनच पुढची बेरीज, वजाबाकी, सगळं. धोक्याची रेषा त्या दोन टोकांच्या आत आली, की पडदा लाल.

आता तू कधीकधी टोकं उलटसुलट धरायचीस आणि चादरीला पीळ पडायचा. यंत्रंही तसंच करतात. तारेत ओल शिरली, की खालचं टोक तेरा आणि वरचं नऊ असं काहीतरी पाठवतात. तेराच्या वर आणि नऊच्या खाली असा आकडा जगात नाही. अशा वेळी काय करायचं, याचा मी जेवढा विचार केला तेवढा लग्न करायचं की नाही याचाही केला नव्हता. काही लोक गुपचूप टोकांची अदलाबदल करतात. मला ते पटलं नाही. बिघडलेल्याला आपणच शहाणं ठरवायचं, हे कसलं? मी अशा उत्तरावर "दोष" असा शिक्का मारायचे. त्या उत्तरातून जे जे पुढे निघेल त्यावरही तो शिक्का उमटत जायचा, थेट पडद्यापर्यंत. तिथे पिवळा दिवा आणि घंटा. कंटाळवाणं काम होतं, पण माझं होतं.

भावजींना नमस्कार सांग. त्यांचा उजवा हात आता थोडा हलतो म्हणतेस, तर पेन्सिल देऊन बघ. चित्रकलेच्या मास्तरांना आणखी काय औषध?

तुझी,
ताई


१० सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र मी यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. किती मोठ्यानं ते मला कळत नाही, पण शेजारीण खिडकीत आली. म्हणाली, "मास्तरीणबाई, भांडताय का?"

मला जवळजवळ सगळं समजलं. भाच्यालाही सांगितलं, तुझ्या पडद्यामागे आमची ताई आहे. त्यानं कपाळावर हात मारला. "मामी, म्हणजे ती घंटा त्यांची होय! त्या घंटेनं माझं जेवण हराम केलं होतं. घास तोंडाशी नेला की टण्ण!" पण आता सुखात आहे हो. उन्हाळ्यात तुमच्या कंपनीनं नवीन काहीतरी बसवून दिलं, तेव्हापासून घंटा एकदाही वाजली नाही. पडदा आपला हिरवागार. त्याचे साहेब इतके खूश झाले की सगळ्यांना चहा पाजला. म्हणजे तुझ्यामागून आलेल्यांनी तुझं नाव राखलं म्हणायचं.

भाचेसून परवा लेकीला घेऊन आली होती. पोर आता उभी राहते आणि यांची मिशी ओढते. हे हसले, ताई. अर्ध्याच तोंडानं, पण हसले.

आमच्या घरामागे झरा आहे, ते तुला ठाऊक नसेल. धरणाच्या मातीच्या उतारावर बकऱ्या चरतात, तो उतार संपतो तिथेच आमचं परसू. झरा आजवर नुसता पाझरायचा, बादली भरायला अर्धी दुपार जायची. यंदा चांगला बोटभर धारेनं वाहतो. यांच्या चादरी रोज धुवाव्या लागतात, तेव्हा मला तर देवच पावला. हे खिडकीतून त्याचा आवाज ऐकत पडतात. मला तो ऐकू येत नाही, पण यांच्या चेहऱ्यावर दिसतो.

पेन्सिल दिली होती. त्यांनी एक रेघ काढली आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मास्तर, सरळ आहे." सरळ नव्हती.

तुझी,
टिंबू


१६ सप्टेंबर

प्रिय टिंबू,

भावजी हसले हे वाचून मी तो कागद दोनदा वाचला. रेघेचं म्हणशील तर शाळेत तू पट्टी धरूनही वाकडी काढायचीस, तेव्हा तुझा निकाल मी धरत नाही.

इथे सगळं ठीक. जिना चढताना गुडघा कुरकुरतो, लिफ्टवाला मला आजी म्हणायला लागला आहे.

दोन गोष्टी सहज विचारते. म्हाताऱ्या माणसाचं जुन्या कामातून मन निघत नाही, असं समज. भाच्याला विचार, पूर्वी घंटा वाजायची ती कुठल्या मापकांमुळे? आणि मग ती मापकं कुणी दुरुस्त केली का? उन्हाळ्यात कुणी येऊन तारा बदलल्या, काही खणलं, असं काही? एवढंच.

दुसरं, तुझ्या झऱ्याचं पाणी स्वच्छ आहे ना? चादरी धुतेस म्हणून विचारलं. भावजींची त्वचा नाजूक झाली असेल.

उत्तर जरा लवकर टाक. रविवारची वाट पाहू नकोस.

तुझी,
ताई


२३ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझा स्वभाव काही जात नाही. निवृत्तीच्या दिवशी हार घालून घरी पाठवलं तरी मन ऑफिसात खुर्ची अडवून बसलेलं. एकटी राहतेस, त्याचं हे. इथे ये बघू महिनाभर. मागच्या खोलीची भिंत जरा ओली झाली आहे, पण मी तुला पुढच्या खोलीत झोपवीन.

भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "मामी, धरणाच्या मातीत पाणी किती वर चढलं ते मोजणारी ही मापकं मातीतच पुरलेली आहेत, खोल. ती कोण दुरुस्त करणार? उकरायची म्हटली तर धरणच उकरायला लागेल." "मग तीच जुनी आहेत का?" "तीच. घंटा वाजत नाही म्हणजे सुधारली असतील." मी म्हटलं, "आपोआप? माझे कान का नाही सुधारत मग?" त्यानं माझ्या ताटलीतलं बिस्किट उचललं. पूर्वी जी घंटा वाजवायची ती तीन, आणि तिन्ही आमच्याच बाजूच्या उताराखाली आहेत म्हणे.

झऱ्याचं म्हणशील तर या आठवड्यात पाणी जरा बदललं आहे. पाटी पुसलेल्या फडक्याचं पाणी असतं ना, तसं दिसतं. वर कुठेतरी पाइपसाठी खणत असतील. मी फडक्यातून गाळून घेते. फडक्यात अगदी मऊ, पिठासारखी माती उरते. चादरी करड्या झाल्या आहेत, एवढाच त्रास. धार मात्र आता मनगटाएवढी आहे.

हे दोन दिवस त्या आवाजानं बेचैन आहेत. खिडकी लावून घे म्हणून खुणावतात. आजारी माणसाचं काय, काल आवडलेलं आज नको असतं.

ये ना, ताई.

तुझी,
टिंबू


२७ सप्टेंबर
(कुरिअरनं)

प्रिय टिंबू,

हे पत्र बसून वाच, आणि भावजींना मोठ्यानं वाचून दाखवू नकोस.

मागच्या पत्रात मी सहज विचारते असं लिहिलं. ते सहज नव्हतं. तुझं पत्र मिळालं तशी मी उठून जुन्या ऑफिसात गेले. माझ्या जागेवर जो आला त्याला आम्ही होहो म्हणायचो, कारण त्याला नाही म्हणता येत नाही. माणूस वाईट नाही. मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

मी विचारलं, "धरणाच्या पडद्याची घंटा का वाजत नाही?"

"मॅडम, गिऱ्हाइकाची तक्रार होती. सारखी वाजते म्हणून."

"मग काढलीस?"

"हो हो... म्हणजे काढली नाही. तुमचा तो शिक्का पुढे जाऊ देत नाही, एवढंच. टोकं उलटी आली की उत्तर रिकामं धरतो. गणितात ते बरोबरच आहे ना? तेराच्या वर आणि नऊच्या खाली काहीच नसतं. रिकामं."

"आणि पडदा त्या रिकाम्याचं काय करतो?"

"पडदा विचारतो, यातला एक तरी आकडा धोक्याच्या रेषेवर जातो का."

"रिकाम्यात आकडा कुठला?"

तो चष्मा काढून पुसायला लागला. "म्हणजे... उत्तर नाही असं येतं."

"आणि दिवा?"

"हिरवा," म्हणाला. इतक्या हळू की मला तुझ्यासारखं ओठांवरून ओळखावं लागलं.

तुला कळलं का, टिंबू? भूगोलाच्या सिस्टर रिकाम्या वर्गात शिरल्या आणि त्यांनी विचारलं, "गृहपाठ न केलेली एक तरी मुलगी इथे आहे का?", तर कुणी हात वर करणार नाही. सिस्टर खूश होऊन जातील. तुमचा पडदा उन्हाळ्यापासून रिकाम्या वर्गाला प्रश्न विचारतो आहे. ती तीन मापकं सुधारलेली नाहीत. ती आंधळी झाली आहेत, आणि आंधळी झाली म्हणून हिरवी दिसतात.

होहो म्हणाला, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू, पण गिऱ्हाइकाची लेखी परवानगी लागेल. आणि मला आठवण करून दिली, की कामाबद्दल बाहेर बोलणार नाही अशी माझी सही आहे.

हे काम सुरू झालं तेव्हा एका धरणाच्या इंजिनिअरनं मला समजावलं होतं. मातीच्या धरणातून स्वच्छ पाणी पाझरतं त्याला तो घाम म्हणायचा. घामाची काळजी नसते. गढूळ पाणी आलं, तर ते धरणाची माती आतून घेऊन येत असतं. रोज थोडी, मग एकदम सगळी. तुझ्या फडक्यात उरते ती पिठासारखी माती कुठल्या पाइपच्या खणण्यातली नाही.

भाच्याला मी फोन केला. म्हणाला, "मावशी, पडदा हिरवा आहे." मी हे सगळं सांगितलं, तर म्हणाला, "साहेबांना विचारतो." त्यानंतर तो माझा फोन उचलत नाही.

भावजींना घेऊन निघ. माझ्याकडे ये. आमच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं, मी माप घेतलं आहे. पलंग खिडकीपाशी लावला आहे. तिथून रस्ता दिसतो, झाड दिसतं. ये, टिंबू.

तुझी,
ताई


१ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा तुझा राग आला. माणूस सुखानं चादरी धूत असतं आणि तू असं लिहितेस. मग फडकं उन्हात झटकलं. माती हातावर घेऊन बघितली. मग राग गेला.

यांना शेजारणीकडे सोपवून धरणावर गेले. आत बायकांना जाऊ देत नाहीत, पण मी बहिरी असल्याचा एक फायदा आहे, "थांबा" म्हटलेलं ऐकू येत नाही. भाच्याची खोली छोटी आहे. एक टेबल, एक खुर्ची, भिंतीवर पडदा, आणि हिरवा उजेड इतका की त्याचं तोंडही हिरवं दिसत होतं. मी म्हटलं, "मूळ आकडे दाखव. शिजवलेले नकोत, कच्चे."

"मामी, तसं कुणी बघत नाही."

"म्हणून तर."

त्यानं कुठेतरी दाबलं. त्या तीन मापकांसमोर दोन दोन आकडे आले. तिन्हींचं खालचं टोक वरच्यापेक्षा मोठं होतं, ताई. मला शाळेतलं गणित आठवत नाही, पण मोठं काय आणि लहान काय एवढं कळतं. भाचा म्हणाला, "मामी, मी रोज इथे बसतो." दोनदा म्हणाला.

तो साहेबांकडे गेला. मी दारातून ओठ वाचत होते. साहेब म्हणाले, पडदा काय म्हणतो? हिरवा? मग नियम काय सांगतो? नियमात पडदा आहे, तुझी मामी नाही. भोंगा वाजवला, लोक धावले, कुणी चेंगरलं, तर सही कुणाची? आणि या बाईला आत कुणी सोडलं?

तेव्हा असं आहे. नियमानं पडदा लाल झाल्याशिवाय भोंगा वाजत नाही, आणि भोंगा वाजल्याशिवाय कुणी गाव सोडत नाही. मी चार घरी सांगून बघितलं. शेजारीण म्हणाली, "मास्तरीणबाई, मास्तरांच्या आजारपणानं तुम्ही थकलात." हात धरून मला घरी आणून सोडलं.

यांना हलवता येणार नाही. दवाखान्यातली परिचारिका म्हणते, सरळ आडवं केलं तर श्वास अडकतो, उशांना टेकवूनच न्यायला हवं, त्याला तशी गाडी लागते. तशी गाडी इथे नाही. तू काळजी करू नकोस. झरा कालपासून कमी झाला आहे.

तुझी,
टिंबू


४ ऑक्टोबर
(गाडीच्या चालकाच्या हाती)

प्रिय टिंबू,

झरा कमी झाला हे तू मला धीर द्यायला लिहिलंस. तू खोटं लिहितेस तेव्हा वाक्य आखूड होतं, शाळेपासून. खरं असेल तर ते आणखी वाईट. पाण्याला बाहेर यायला दुसरी वाट सापडली असेल.

ही गाडी भावजींसाठीच आहे. डोक्याकडचा भाग उचलता येतो. चालक भला माणूस आहे, त्याला मी सगळं सांगितलं आहे. भावजींना घेऊन याच गाडीनं निघ.

सही मोडली मी. काल धरण तपासणीच्या कार्यालयात जाऊन सगळं तोंडी सांगितलं, लेखी दिलं. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं. सोमवारी माणसं पाठवतो म्हणाल्या. आज गुरुवार आहे. सोमवार मला फार लांब वाटतो.

म्हणून आता जे लिहिते ते भाच्याला वाचायला दे. माझा फोन तो उचलत नाही, तुझ्या हातचं पत्र वाचेल.

तार तुटली तर मापकाचा आकडा हातानं भरता यावा, अशी सोय मी केली होती. ती सोय अजून आहे, होहोला मी विचारून घेतलं. कामगारानं दोरी सोडून पाणी मोजावं आणि दोन टोकं भरावीत, असा तिचा उपयोग. भाच्यानं त्या तीन मापकांसाठी हातानं आकडे भरावेत. खालचं टोक: धरणाचा तळ. वरचं टोक: धरणाचा माथा.

तो म्हणेल, हा खोटा आकडा आहे. त्याला सांग, आज त्या तीन मापकांबद्दल खरं बोलायचं तर एवढंच बोलता येतं, की पाणी तळापासून माथ्यापर्यंत कुठेही असू शकतं, आपल्याला माहीत नाही. त्याचा पडदा जे म्हणतो ते खोटं आहे. तो म्हणतो, पाणी कुठेच नाही. बिघडलेल्या मापकाला रिकामं ठरवलं की धोका नाहीसा होतो. त्याला तळापासून माथ्यापर्यंत ताणलं, की धोक्याची रेषा आपोआप आत येते. मग पडदा लाल होईल, आणि पडदा लाल झाला की नियम कुणाच्या साहेबाला विचारत नाही.

मला ही युक्ती वाटत नाही. शिक्का काढायचाच होता, तर त्या जागी हेच घालायला हवं होतं.

भाच्यावर बालंट येईल. मला ठाऊक आहे. कंपनीची नोटीस मलाही आली आहे, तिची चिंता नको.

गाडीत उशा ठेवल्या आहेत. खिडकीपाशी पलंग तयार आहे.

ताई


५ ऑक्टोबर

प्रिय ताई,

हे पत्र भाचेसून आणील. ती दारात उभी आहे, कडेवर लेक, पाठीला पिशवी. ट्रक वळणावर थांबवून ठेवला आहे, म्हणून मी भरभर लिहिते. अक्षराबद्दल सिस्टरांनी छडी मारली असती.

तुझी गाडी सकाळी आली. चालकानं पत्र दिलं. भाचा इथेच होता, त्यानं उभ्याउभ्या वाचलं आणि मग माझ्या टेबलाशी बसून पुन्हा वाचलं. म्हणाला, "मामी, नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"तुरुंगातही टाकतील."

"तिथे जेवताना घंटा वाजत नाही," मी म्हटलं. तो हसला आणि त्याचे डोळे भरून आले. मग सायकल काढून गेला.

मी यांचा सदरा बदलत होते. भोंगा मला ऐकू आला नाही, ताई. यांनी चांगल्या हातानं माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की मला वाटलं झटका आला. मग खिडकीकडे बोट केलं. बाहेर बघितलं तर सगळी आळी रस्त्यावर. शेजारीण अनवाणी धावत आली, माझे पाय धरायला लागली. मी म्हटलं, "पाय नंतर धर, आधी स्वतःचे उचल."

तुझ्या गाडीचं सांगते, रागावू नकोस. दवाखान्यात पोट कापून बाळंत झालेल्या दोघी होत्या, टाके ओले. त्यांनाही बसून ट्रकमधून जाता येत नव्हतं. परिचारिका माझ्याकडे बघत होती. मी चालकाला म्हटलं, आधी त्यांना ने, मग परत ये. तो तासाभरात येतो म्हणाला. पण तो गेल्यावर खालच्या पुलावरून तांबडं पाणी वाहायला लागलं. आता त्याला डोंगराकडच्या रस्त्यानं वळसा घालून यावं लागेल. भाचा धरणावरून परस्पर त्याला वाट दाखवायला गेला आहे. दोघं येतील.

यांना ट्रकमध्ये चढवून बघितलं. फळीवर ठेवताच निळे पडले. उतरवून पुन्हा उशांना टेकवलं, तेव्हा श्वास आला. आता शांत आहेत. बकऱ्यांच्या उतारावर मध्येच एक खळगा पडला आहे, सकाळी नव्हता. घरामागे झरा म्हणावा असं काही उरलं नाही, पूर्ण परसूच वाहतं आहे. जमीन पायाखाली बारीक थरथरते. ऐकू येत नसलं की पायांना फार कळतं.

आळी रिकामी झाली. सगळे गेले, ताई. लहान मुलं, म्हातारे, सगळे. ते तू केलंस, आणि त्यानं.

आता सांगते ते नीट कर. गाडी आली तर यातलं काही लागणार नाही आणि तू मला जन्मभर चिडवशील.

शिलाईचं यंत्र परिचारिकेला. तिनं कधीचं मनात धरलं आहे, मागत नाही. यांचे रंग आणि कुंचले भाचेसुनेच्या लेकीला, पण हातात नीट धरता येईपर्यंत तिच्या आईनं कपाटात ठेवावेत, नाहीतर खाऊन टाकील. यांनी काढलेलं माझं चित्र पिशवीत वर आहे. त्यात माझं नाक मोठं आहे, ते तुला. माझ्या लोकरीच्या शाली दोन, एक शेजारणीला द्यायची, तिला थंडी सोसत नाही. बांगड्या भाचेसुनेला, आत्ताच तिच्या हातात घातल्या.

आणि भाचा तुझ्याकडे येईल. त्याला ठेवून घे. त्याला आई नाही, मी होते. तो लोकांना सांगत सुटेल की मी खोटा आकडा भरला. चौकशीतही तेच सांगेल, तो तसाच आहे. त्याच्या शेजारी बस आणि तो आकडा कसा खरा होता ते तू सांग. मला नीट सांगता आलं नसतं. त्याला सकाळी चहाबरोबर काहीतरी खायला लागतं, नाहीतर चिडचिड करतो.

बाकी सगळं पिशवीत घातलं आहे. यांच्या गोळ्यांची डबी मात्र देत नाही. संध्याकाळच्या गोळ्या अजून यांना द्यायच्या आहेत.

टिंबू